सातवा शर्ट

"काका, बाबांचे किती शर्ट राहिले?"

दर शुक्रवारी शाळेतून आली की दप्तरही न उतरवता वॉशर हा प्रश्न विचारायची. काका कामाच्या खोलीत कॉम्प्युटरसमोर बसलेला असायचा. मागच्या भिंतीशी एक लोखंडी दांडी उभी होती, तिच्यावर सुरुवातीला सात शर्ट होते आणि टोकाला एक रिकामा हँगर. एकेका शुक्रवारी वहिनीने, म्हणजे वॉशरच्या आईने, एकेक शर्ट उतरवून नेला, धुतला, इस्त्री करून कपाटात ठेवला. आता एकच उरला होता, राखाडी, निळ्या चौकटींचा.

"एक," काका म्हणाला.

"आणि तो रिकामा?"

"तो रिकामाच आहे. जा, हातपाय धू."

वॉशर हे काही तिचं खरं नाव नव्हे. ते तिच्या बाबाने ठेवलेलं. नळातल्या वॉशरसारखी एवढीशी, गोल, आणि ही जागेवर नसली की सगळं घर गळायला लागतं, असं तो म्हणायचा. हा बाबा म्हणजे काकाचा थोरला भाऊ, दादा. त्याला जाऊन दीड महिना झाला होता. तरी दर शुक्रवारी संध्याकाळी सहाला तो नवा शर्ट घालून यायचा, हात चोळत "काय मंडळी, आज काय मोडलं?" असं विचारायचा आणि कुणाच्या तरी घरची कडी, नाहीतर नळ, नाहीतर बिजागरी ठाकठीक करून जायचा. त्याचं चॅनल बघणाऱ्या हजारो लोकांना तो गेल्याचा पत्ता नव्हता. त्यांच्या दृष्टीने तो गेल्याच आठवड्यात उचक्या देत खिडकीचं तावदान बसवून गेला होता.

ज्यांना हा धंदा ठाऊक नाही त्यांना वाटतं, व्हिडिओ करायला काय लागतं, फोन उभा केला आणि बोललं. त्यांनी एकदा करून बघावं. दादा म्हणायचा, चॅनल म्हणजे दुभती म्हैस, एक दिवस धार चुकवलीत की दुसऱ्या दिवशी लाथ बसते. दोघा भावांनी सहा वर्षं एक शुक्रवार चुकवला नव्हता. दादा कॅमेऱ्यापुढे, धाकटा मागे. बोलायचं दादाने, आणि बाकी सगळं, म्हणजे उजेड, आवाज, कापाकापी, लोकांना उत्तरं आणि पुढची आखणी, धाकट्याने. अंगात ताप असताना व्हिडिओ झाले, वॉशर जन्मली त्या आठवड्यातही झाला. शेवटी वहिनीनेच एकदा जेवताना ताट बाजूला सारलं. "या माणसाला मी घरात कमी आणि फोनवर जास्त बघते," ती म्हणाली. "महिनाभर सुट्टी. नाहीतर मी लेकीला घेऊन एकटी जाते."

तेव्हा तोड काढली ती धाकट्याने. आठ व्हिडिओ आधीच करून ठेवायचे, एकाच दिवसात. म्हणजे महिनाभर सुट्टी, आणि परत आल्यावरही लगेच मान मोडून बसायला नको. प्रत्येक व्हिडिओला वेगळा शर्ट, वेगळं काम. तारखा लावून ठेवल्या की ते आपोआप लागत जातील, आणि लोकांना वाटेल, दादा आहे आपला इथेच. सुट्टी घ्यायची तर आधी दुप्पट मरायचं, असा या धंद्याचा न्यायच आहे. धाकटा आपल्या आखणीवर इतका खूश होता की त्याने त्या दिवसाचा मिनिटामिनिटाचा तक्ता करून दारावर चिकटवला. दादाने त्याच्याखाली लिहिलं, 'यात मुतायला वेळ कुठे आहे?'

नुसते शर्ट बदलून भागत नाही, हा दादाचा सिद्धान्त होता. "मंडळी कपड्याला फसत नाहीत," तो म्हणायचा. "जिवंत माणूस दर आठवड्याला तसाच असतो का? कधी नाक गळतं, कधी मान धरते." म्हणून आधी करून ठेवायच्या प्रत्येक व्हिडिओत तो स्वतःला एक दुखणं लावून घ्यायचा. पहिल्या शर्टात सर्दी. दुसऱ्यात अंगठ्याला पट्टी, खाली जखम नाहीच. तिसऱ्यात मान अवघडलेली, चौथ्यात आवाज बसलेला, पाचव्यात डोळ्यात कचरा, सहाव्यात उचक्या. नाटक असं बेमालूम की कॉमेंटमध्ये लोक काढे सुचवायचे. वॉशरला तर हा खेळच झाला होता. व्हिडिओ लागला की 'आज बाबांना काय झालंय' हे पहिल्यांदा जो ओळखेल तो जिंकला.

वहिनीला हे मुळीच खपायचं नाही. ती एका चष्म्याच्या दुकानात लोकांचे डोळे तपासायची, दिवसभर थोतांडाला तिच्याकडे थारा नसायचा, पण घरात मात्र ती म्हणायची, "शुभ बोल रे नाऱ्या. वास्तू तथास्तु म्हणत असते."

"वास्तूला म्हणावं, आधी तुझा जिना दुरुस्त करून घे," दादा म्हणायचा.

तर तो दिवस. सकाळी चहा झाल्याबरोबर सुरू केलं. पहिले तीन शर्ट हसतखेळत झाले. चौथ्यानंतर दादा अवजारांच्या पेटीवर बसला. तो कधी बसायचा नाही. धाकट्याने घड्याळ दाखवलं, तो उठला. सातवं काम सगळ्यांत जड होतं, दार बिजागरीतून काढून, रंधा मारून, परत चढवायचं. ते सकाळी ताज्या दमात करायला हवं, हे कुणीही सांगेल. पण पश्चिमेच्या खिडकीतून त्या दारावर तिरपं ऊन यायचं ते संध्याकाळीच, लाकडाची रेष न रेष दिसायची त्यात. धाकट्याने उन्हाकडे बघून दार सातवं लावलं होतं. दादाकडे बघून लावलं नव्हतं.

दादाने दार उचललं, अर्ध्यावर नेलं आणि खाली टेकवलं. एक हात छातीवर ठेवला.

"छातीत जरा भरल्यासारखं होतंय रे," तो म्हणाला.

कॅमेऱ्यामागे धाकटा हसला. त्याला वाटलं, आलं सातवं दुखणं. सकाळपासून तो तेच ऐकत होता, सर्दी झाली, मान धरली, उचकी लागली. "मस्त," तो म्हणाला. "एकदम खरं वाटलं. चल, ऊन चाललंय."

दादा क्षणभर उभा राहिला. "खरं वाटलं ना? बरं." मग त्याने दार उचललं आणि चढवलं.

आठवा व्हिडिओ त्याने खुर्चीवर बसून केला, पांढरा शर्ट घालून. त्यात काम असं नव्हतंच, गंमत होती. "मंडळी, आज एक गुपित फोडतो. गेले दोन महिने तुम्ही मला दर शुक्रवारी बघताय. पण मी इथे नव्हतोच. कळलं का कुणाला?" हे सांगून तो इतका हसला की त्याला धाप लागली. तो शर्ट परत दांडीवर आलाच नाही. दमून तसाच जेवला, तसाच झोपला, आणि चौघं सुट्टीवर निघाली तेव्हा परत तोच घातला.

भाड्याचं घर तळ्याकाठी होतं, चांगलं होतं, फक्त स्वयंपाकघरातला नळ गळत होता. दुसऱ्या दिवशी सकाळी सगळे अंथरुणात असताना दादा उठून त्या नळाशी गेला. वहिनीला तो तिथेच फरशीवर बसलेला सापडला, पाठ भिंतीला, पाना मांडीवर. नळ गळायचा थांबला होता.

डॉक्टर भला माणूस होता. व्हरांड्यात दोघांना उभं करून त्याने हळू आवाजात विचारलं, "अशा केसमध्ये बहुतेक वेळा दोन-चार दिवस आधी काहीतरी जाणवतं. कुणाला काही बोलले होते का?"

"नाही," वहिनी म्हणाली.

"नाही," धाकटा म्हणाला.

पुढच्या शुक्रवारी घर माणसांनी भरलेलं होतं. व्हिडिओ लावून ठेवलेत हे कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं, अगदी धाकट्याच्याही. सहा वाजता वहिनीचा फोन वाजला, कुठल्याशा पोराने उघडला आणि दादा हिरव्या शर्टात नाक ओढत म्हणाला, "काय मंडळी, आज काय मोडलं?" बायकांनी टाहो फोडला. कुणीतरी ओरडलं, बंद करा ते. वहिनीने फोन हातात घेतला आणि म्हणाली, "असू द्या." शेवटपर्यंत बघितला. सगळे गेल्यावर ती धाकट्याला म्हणाली, "भावजी, जेवढे आहेत तेवढे येऊ द्या. तोवर लोकांना काही सांगू नका. मग थांबवू."

त्याने मान हलवली. तिच्यापुढे दुसरं काय बोलणार होता तो? पण सातव्या शर्टात काय आहे हे त्याला ठाऊक होतं, आणि तो व्हिडिओ निघायच्या घाईत न कापताच लावलेला होता. वहिनी ते बघणार. नवरा छातीत दुखतंय म्हणतोय हे ऐकणार, आणि पाठोपाठ दिराचं हसणं.

तेव्हापासून त्याला कुठे थारा उरला नाही. न्हाव्याकडे गेला तर आरशाखाली ठेवलेल्या फोनमधून "काय मंडळी". जिना चढताना शेजारच्या बंद दारामागून दादाचं खोकणं, पहिल्या शर्टातलं, तो ओळखायचा. एकदा बाजारातून येताना दादाचा आवाज इतका स्पष्ट आला की तो "आलो" म्हणून मोकळा झाला. लोक वळून बघायला लागले. समोरच्या खिडकीत कुणीतरी भांडी घासता घासता व्हिडिओ लावला होता.

आणि कॉमेंट. आधी करून ठेवायच्या व्हिडिओत लोकांचे प्रश्न कुठून आणणार? ते दादा मनाने रचायचा. तिसऱ्या शर्टात त्याने असंच दडपून दिलं होतं, "एका आजींनी विचारलंय, घरात कुणी नसताना मागच्या दाराची कडी आपोआप वाजते, काय करू?" आणि मग त्याने लाकडाची पाचर ठोकून दाखवली होती. त्या व्हिडिओखाली एका बाईने लिहिलं, 'बाळा, हे मी कुणालाच बोलले नव्हते. तुला कसं कळलं? तू सांगितलीस तशी पाचर ठोकली. तरी वाजते.' धाकट्याने ते वाचलं आणि कॉम्प्युटरच बंद केला. नंतर स्वतःलाच समजावलं, बोलाफुलाला गाठ पडते कधी कधी, जगात काय थोड्या कड्या वाजतात. पण त्या दिवसापासून तो मागच्या दाराशी एकटा जाईनासा झाला.

पाचव्या शर्टाखाली आणखी एकाने लिहिलं होतं, 'दादा, चेहरा उतरलाय. ओठ बघा तुमचे. एकदा तपासून घ्या.' सहा वर्षांच्या सवयीने धाकट्याची बोटं चालली, दादाच्या नावाने, 'काळजी नसावी. ठणठणीत आहे.' पाठवून झाल्यावर त्याला कळलं आपण काय केलं ते. तो उठून मोरीत जाऊन उभा राहिला. कोण कुठला माणूस, वीतभर फोनवर त्याला दिसलं, आणि दिवसभर डोळा लावून बसलेल्या सख्ख्या भावाला ओठांचा रंग दिसला नव्हता. त्याला उजेड दिसत होता.

कधी कधी तर त्याला वाटायचं, दादाच्या वाट्याचे जे दोन महिने उरले होते ते त्या एका दिवसात आपणच उपसून घेतले, शर्टामागून शर्ट. हे खुळ्यासारखं आहे हे त्यालाही कळत होतं. पण मन काही मानत नव्हतं.

सातव्या शर्टाच्या आदल्या दिवशी दुपारी तो खोलीचं दार लावून बसला. ती जागा काढली. कात्री चालवली. दादा दार उचलतो तिथून एकदम बिजागरीच्या जवळून घेतलेल्या दृश्यावर जायचं, आणि परत येईपर्यंत दार चढलेलं. मधला हात, छाती, ते वाक्य, ते हसणं, सगळं बाहेर. जोडावर रंध्याचा आवाज पसरला. दहा वेळा बघितलं, कुठे शिवण दिसेना. एवढं सफाईदार काम त्याने आयुष्यात केलं नव्हतं. जुनी फाइल पुसून टाकायला त्याने बोट ठेवलं, आणि ते काही केल्या त्याच्याने खाली दाबवेना. ती तिथेच राहिली.

तर तो शुक्रवार. वॉशरने हातपाय धुतले. वहिनी दुकानातून येऊन पर्ससकट स्टुलावर बसली. पश्चिमेच्या खिडकीतून तेच तिरपं ऊन आलं होतं, त्याच दारावर. दादाने चढवलेलं ते दार या खोलीचंच, आता आवाज न करता मिटायचं.

सहाला दादा आला. राखाडी शर्ट, निळ्या चौकटी. हात चोळले. वॉशर पडद्याला नाक लावून बसली. तो बोलत होता, बिजागरीचे स्क्रू सैल करत होता, जुन्या दाराला आणि जुन्या सासूला वरून कधी ढकलू नये असा एक आचरट विनोदही केला. वहिनी हलकेच हसली. दार उचललं. बिजागरी दिसली. रंधा चालला. दार चढलं. धाकटा खुर्चीत मागे टेकला.

"या मग पुढच्या शुक्रवारी," दादा म्हणाला आणि पडदा काळा झाला.

वॉशर तशीच बसून राहिली. मग मागे वळली. "आज बाबांना काहीच झालं नाही?"

काका माउस उगाच हलवत राहिला.

"नाक नाही, मान नाही, काहीच नाही," ती म्हणाली. "मी नीट बघितलं. काका, तुला दिसलं?"

"विसरला असेल," काका म्हणाला.

"बाबा विसरत नाहीत."

वहिनी त्याच्याकडे बघत होती. लोकांना खालची ओळ वाचायला सांगताना बघायची, तशी. माणूस अंदाजाने वाचतोय की त्याला खरंच दिसतंय, हे तिला लगेच कळायचं.

"भावजी," ती म्हणाली, "काय कापलंत?"

त्याला खोटं बोलता आलं असतं. तोंडापर्यंत आलंही होतं, आवाज बिघडला होता, उजेड गेला होता, असं काहीतरी. पण सहा आठवडे ते एकट्याने वागवून त्याचं अंग मोडून गेलं होतं. "वहिनी, वॉशरला आत पाठवा," तो म्हणाला.

"जा ग, पाणी आण," वहिनी म्हणाली. वॉशर गेली.

त्याने जुनी फाइल उघडली. दादाने दार उचललं, अर्ध्यावर नेलं, टेकवलं. छातीवर हात. "छातीत जरा भरल्यासारखं होतंय रे." मग शांतता. मग त्याचं स्वतःचं हसणं, खोलीभर. "मस्त. एकदम खरं वाटलं. चल, ऊन चाललंय."

त्याने तिथेच थांबवलं. "मला वाटलं, नाटक करतोय," तो म्हणाला. "वहिनी, शप्पथ सांगतो, मला वाटलं दर वेळेसारखंच. डॉक्टरांनी विचारलं तेव्हा मी नाही म्हणालो. तुमच्यासमोर."

तिने स्टूल पडद्याजवळ ओढलं. मग म्हणाली, "थोडं मागे घ्या. तो थांबतो ना, तिथे."

त्याने मागे घेतलं.

"नाटक करताना तो कॅमेऱ्याच्या काचेत बघायचा," वहिनी म्हणाली. "सरळ काचेत. लोकांशी बोलायचं म्हणजे त्याची बुबुळं जागची हलायची नाहीत. इथे बघा. डावीकडे बघतोय, कॅमेऱ्याच्या बाजूला. तिथे कोण होतं?"

"मी."

"तुम्हाला विचारत होता."

हे ती रागाने बोलली असती तर बरं झालं असतं. ती नुसतं सांगत होती, आणि ते त्याच्या काळजात घुसलं. इतक्यांदा बघूनही त्याला ते दिसलं नव्हतं, कारण ती नजर चुकवण्यासाठीच तो इतके दिवस बघत होता.

"मला शिव्या द्या," तो म्हणाला. "काहीतरी म्हणा."

"काय म्हणू?" वहिनीने पर्सचा पट्टा बोटाला गुंडाळला, सोडला. "त्या दिवशी रात्री जेवायला बसला आणि मला म्हणाला, छातीवर दगड ठेवल्यासारखं वाटतंय. मी भाजी वाढत होते. मी म्हटलं, इथे कॅमेरा नाही, नाटकं बंद कर. तो म्हणाला, बरं. आणि जेवला. डॉक्टरांना मीही नाहीच म्हणाले, भावजी. तुमच्याआधी म्हणाले."

खिडकीतलं ऊन दारावरून खाली सरकत होतं. दोघंही त्याकडे बघत बसले. इतके दिवस एका घरात राहून, एकमेकांना चहा देऊन, दोघांनी एकच गोष्ट एकमेकांपासून लपवली होती. धाकट्याला तिच्याबद्दल माया वाटली आणि त्याचबरोबर धडकीही भरली. दादाने एकदा नाही, दोनदा सांगितलं होतं. ज्या दोन माणसांना सांगायचं त्या दोघांना सांगितलं होतं.

"हे लोकांना दाखवू नका," वहिनी शेवटी म्हणाली. "हे आपल्या घरातलं आहे. पण पुसूही नका."

"आणि आठवा? त्यात तो म्हणतो..."

"मला माहितीये काय म्हणतो. मी दाराबाहेर उभी होते तेव्हा." तिने डोळे पुसले. "येऊ द्या. मी इथे नव्हतोच म्हणतो ना, मग त्यालाच सांगू दे. खाली तुम्ही एक ओळ लिहा, तो गेला म्हणून. माझ्याने ते लिहवणार नाही."

वॉशर दारात उभी होती. हातातला पेला तिरका झाला होता, पाणी सांडत होतं. कधीपासून उभी होती कोण जाणे. दार आवाज करत नव्हतं, तेवढं चांगलं काम दादाने करून ठेवलं होतं.

"बाबांच्या छातीत दुखलं होतं?" तिने विचारलं.

वहिनीने तिला जवळ ओढलं. "हो."

"नाटकातलं?"

"नाही ग. खरंच."

वॉशरने पडद्याकडे बघितलं. तिथे दादा थांबून राहिला होता, एक हात दारावर, एक छातीवर, डोळे काचेच्या डावीकडे. मग तिने काकाचा हात धरून ओढला, त्याला खुर्चीतून उठवलं आणि पडद्याच्या डाव्या बाजूला उभं केलं. जिथे बाबा बघत होता, तिथे.

"आता लाव," ती म्हणाली. "आणि बाबा बोलले की तू सांग."

"काय सांगू?"

"बस म्हणून. बाबांना बस म्हण ना, काका."

त्याने वहिनीकडे बघितलं. वहिनीने मान हलवली, हो की नाही ते कळलं नाही. वॉशरनेच ते थोडं मागे घेतलं आणि बटण दाबलं.

दादाने दार टेकवलं. "छातीत जरा भरल्यासारखं होतंय रे," तो म्हणाला, आणि वर बघितलं, बरोबर धाकट्याकडे, आणि वाट बघत राहिला.

"बस, दादा," धाकटा म्हणाला. "राहू दे ते. बस जरा."

खोलीत कुणीतरी हसलं. "मस्त," त्याचाच आवाज म्हणाला. "एकदम खरं वाटलं. चल, ऊन चाललंय."

दादाने त्या आवाजाचं ऐकलं. "खरं वाटलं ना? बरं," म्हणून त्याने दार उचललं.